वाई परिसराचं कपाट : प्रकल्प नोंदी

प्रकल्प थोडक्यात : वाचनालयात वाई आणि पंचक्रोशीच्या इतिहासाचं स्वतंत्र कपाट उभं करायचं. पुस्तकं निवडायची, ती जागांशी जोडायची आणि प्रत्येक जागेसाठी एक पानी वाचनपत्रक काढायचं. ते हातात धरून माणूस घाटावर किंवा वाड्यासमोर उभा राहील, अशा बेताने.

१० जून

कार्यकारिणीची बैठक. कपाट मंजूर, निधी बेताचा. पुस्तकं सुचवा म्हटल्यावर निम्म्या जणांनी अफझलखानच काढला. साहजिक आहे. खान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली जाण्याआधी त्याचा तळ इथेच होता. पण त्या एका नोव्हेंबरवर दोन फळ्या भरतील इतकी पुस्तकं आमच्याकडे आधीच आहेत. घाट कोणी बांधले, पाटाचं पाणी कसं वाटलं जायचं, वाड्यात दिवाबत्ती कोण करायचं, हे विचारलं की सगळे छताकडे बघतात.

निवडीची कसोटी ठरवताना बरीच घासाघीस झाली. शेवटी एवढ्यावर एकमत झालं: पुस्तक वाचून वाचक त्या जागी गेला, तर काल न दिसलेलं काहीतरी त्याला आज दिसलं पाहिजे. नुसतं गावाचं नाव आलं म्हणून पुस्तक कपाटात नाही. एका सदस्यांनी विचारलं, मग देणगीदारांची पुस्तकं? त्यांच्यासाठी वेगळी फळी. (कोणाला दुखवायचं नाही, हा वाचनालयांचा न छापलेला नियम.)

१६ जून

दाखल नोंदवह्या चाळायला घेतल्या. जुन्या वह्यांत विषयाच्या रकान्यात ‘इतिहास’, ‘चरित्र’, ‘संकीर्ण’ एवढंच. आम्हाला हवं ते बहुतेक ‘संकीर्ण’मध्ये निघतंय: शाळांच्या स्मरणिका, देवस्थानांच्या पुस्तिका, सहकारी संस्थांचे अहवाल, कुलवृत्तान्त.

स्मरणिकांचे लेख जवळजवळ एकाच साच्यातले. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेली, ऐतिहासिक वारसा लाभलेली ही पुण्यनगरी’. गावाचं नाव बदला, लेख कुठेही चालेल. पण मागच्या जाहिराती सोन्यासारख्या! कोणत्या आळीत कोणाचं दुकान होतं, तिथे काय विकलं जायचं, घाऊक की किरकोळ, सगळं नावानिशी. ग्रंथपाल ताईंना म्हटलं, लेख सोडा, जाहिरातींची सूची करू. त्यांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी स्वतःच्या आजोबांच्या दुकानाची जाहिरात शोधून काढली आणि सूची सुरू झाली.

काही प्रतींना कसर लागली आहे. त्या वेगळ्या बांधून ठेवल्या.

२२ जून

आज दिवसभर सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा एकोणिसावा खंड, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८५ मध्ये निघालेला. आमच्याकडे झेरॉक्स प्रत आहे, तिची शिवण सुटली आहे.

हे पुस्तक इतिहासासाठी केलेलं नाही, कारभारासाठी केलेलं आहे. म्हणूनच त्यात पिकं, सावकारी, रस्ते, बाजारवार, शाळा, रोगराई असं सगळं येतं आणि शेवटच्या प्रकरणात गावं वर्णक्रमाने. वाई, मेणवली, धोम तिथे सापडतात. लिहिणाऱ्यांना सुंदर वाक्यांची हौस नव्हती. कोणतं देऊळ कोणी बांधलं, दगड कुठला, मंडप केवढा, हे कोरडेपणाने सांगून ते पुढे जातात. त्या कोरडेपणामुळेच आज पडझड किती झाली हे ताडून बघता येतं.

लोकवस्तीचं प्रकरण मात्र तसंच्या तसं वाचकापुढे ठेववत नाही. एकेका जातीला दोन-तीन विशेषणांत बसवून मोकळं व्हायचं, कष्टाळू, अस्वच्छ, काटकसरी, अशी ती साहेबी पद्धत. शिवाय माहिती कोणाकडून घेतली तर मामलेदार, कुलकर्णी आणि शिकलेल्या मंडळींकडून. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना कोणी विचारलं असेल असं पानांवरून तरी वाटत नाही. ठरलं असं की खंड कपाटात येणार, पण आत एक चिठ्ठी असेल: हे कोणी, कोणासाठी आणि कोणाला विचारून लिहिलं.

मजकूर इंग्रजीत आहे. वाई, मेणवली आणि धोमच्या नोंदींचा मराठी अनुवाद करायचं काम निवृत्त मुख्याध्यापकांनी घेतलं. म्हणाले, “इंग्रजांनी लिहिलंय म्हणून खरं असं मात्र पत्रकात छापू नका.” नाही छापणार, सर.

४ जुलै

पावसाची झड. तरी गणपती घाटावर गेलो, कारण हे पत्रक पावसातच तपासायला हवं होतं.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं, हे चाळलेल्या प्रत्येक पुस्तकात आहे. मूर्ती भव्य, हेही आहे. बहुतेक पुस्तकं तिथेच थांबतात. देवळाची मागची भिंत बघायला कोणी नेत नाही. ती सरळ नाही, माशाच्या आकारात निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी थेट भिंतीवर आपटत नाही, त्या टोकाशी फाटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. आज पूर नव्हता, पण नदी चढलेली होती. भिंतीच्या टोकाशी उभं राहून प्रवाहाकडे पाहिलं की बांधणाऱ्याने काय हिशेब केला ते न सांगता कळतं. दगडांवर जुन्या पुरांच्या खुणा शोधत आमच्यातला एक जण चांगलाच भिजला.

पत्रकाचा मजकूर इथेच उभा राहून लिहिला. सुरुवात मूर्तीपासून करायची नाही. सुरुवात मागच्या भिंतीपासून, मग पैसा, मग मूर्ती. पैसा महत्त्वाचा, कारण काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच, आनंदराव भिकाजींनी १७५७ मध्ये बांधलेलं. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांची सासुरवाडी. गोपिकाबाई याच घरच्या. नदीकाठावर एकाच घराण्याचा इतका दगड का लागला, याचं उत्तर निम्मं तरी या सोयरिकीत आहे.

गोपिकाबाईंवर हवं तसं एकही पुस्तक हाताशी लागलं नाही. थोरल्या माधवरावांची आई म्हणून त्या येतात आणि प्रकरण संपताच जातात.

१९ जुलै

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ (१९१५) पुन्हा वाचून काढलं. यात वाई नाही, एकही विशिष्ट गाव नाही. तरीही कपाटात पहिल्या फळीवर हेच. बलुतं कोण कोणाला काय देतं, पाटील-कुलकर्ण्यांची वतनं कशी चालतात, काळी (शेतजमीन) आणि पांढरी (गावठाण) यांचा हिशेब कसा जुळतो, हे ज्याला माहीत नाही त्याला वाड्याचा दरवाजा दिसेल, पण तो दरवाजा कोणाच्या जोरावर उभा राहिला ते दिसणार नाही.

आत्र्यांची भाषा म्हणजे चावडीवर बसून ऐकल्यासारखी. म्हणी, शिव्या, वजन-मापं सगळं जागच्या जागी. पण भटक्या जमातींचा विषय निघाला की हीच लेखणी फार कडवट होते. त्यांना गावावरचं ओझं समजणारी त्या काळची शहाणी नजर तिथे स्पष्ट दिसते. इथेही चिठ्ठी घालायची. समितीतल्या तरुण मुलाचं म्हणणं, अशा चिठ्ठ्या घालत बसलो तर प्रत्येक पुस्तकातून एक चिठ्ठी डोकावेल. डोकावू दे की.

३ ऑगस्ट

मेणवली. शूटिंगवाल्यांनी हा घाट आणि वाडा देशभर नेला, त्यामुळे येणारा पाहुणा आधी सिनेमाची जागा विचारतो. विचारू दे, तिथून घंटेकडे वळवता येतं.

घाटावरच्या देवळांजवळ छोट्या बांधकामात ती टांगलेली आहे. सनावळी १७०७. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी. वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ मध्ये, पोर्तुगिजांच्या चर्चमधून उतरवलेल्या घंटांपैकी ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालाची आहे, ती अशीच आलेली. मुलांना इथे थांबवून नुसतं विचारायचं: देवळात ही बाई कोण? पुढचा तास आपोआप जातो.

पण आज खरी मजा तारखांत आली. आमच्याकडच्या दोन पुस्तिकांत ‘चिमाजीअप्पांनी ही घंटा वसईहून आणून मेणवलीच्या घाटावर बसवली’ असं वाक्य आहे. शब्दसुद्धा तेच, म्हणजे एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं. चिमाजीअप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. नाना फडणवीस जन्मले १७४२ मध्ये, आणि मेणवली त्यांच्याकडे आली १७६८ मध्ये. वाडा, घाट, देवळं त्यानंतरची. मग अप्पांनी जी घंटा बसवली तो घाट कोणता? घंटा वसईहून आली हे बरोबर, पण मधली पंचवीस-तीस वर्षं ती कुठेतरी होती. पुण्यात, कोणा सरदाराच्या दारात, की एखाद्या दुसऱ्या देवळात? कपाटातलं एकही पुस्तक हा प्रश्न विचारतसुद्धा नाही.

पत्रकात आम्ही ही सालं एका ओळीत मांडली आणि खाली दोन बोटं जागा कोरी सोडली. वाचकाला काही ठाऊक असेल तर लिहावं.

पुस्तिका काढून टाकायच्या का, यावर परतीच्या वाटेवर वाद. माझं मत, ठेवायच्या. चुकीचं वाक्य जागेवर नेऊन पडताळता येतं, हा वाचकाला लागलेला नाद शंभर बरोबर वाक्यांपेक्षा जास्त टिकतो.

२१ ऑगस्ट

जवळच्या गावातून एक गृहस्थ मोडी कागदाचं गाठोडं घेऊन आले. “आजोबा म्हणायचे, यात खजिन्याची खूण आहे.” मोडीवाल्या काकांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “खजिना नाही, पण पाणी आहे.” पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत झालेला तंटा आणि गोतासमोर, म्हणजे गावच्या पंचसभेसमोर, झालेला निवाडा.

काकांचं वाचन बघण्यासारखं असतं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ओळ आधी आखलेली आणि अक्षरं तिला लोंबलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. ते आधी तोंडाने पुटपुटतात, कानाला ओळखीचं लागलं की मग कागदावर बोट ठेवतात. काळ लिहिलेला: सन सलास सबैन मया व अलफ, छ ११ जमादिलाखर (छ म्हणजे चंद्र, त्या मुसलमानी महिन्याचा अकरावा दिवस). सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाला शुहूर सन ११७३ (शुहूर म्हणजे मराठी कागदांत वापरलेली अरबी आकड्यांची कालगणना). हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. जमादिलाखर त्या वर्षी भाद्रपदाच्या सुमाराला पडला होता, म्हणजे सप्टेंबर १७७२.

तिकडे थोरले माधवराव क्षयाने खंगत होते, नोव्हेंबरात थेऊरला वारले. इतिहासाच्या पुस्तकात त्या पावसाळ्याबद्दल तेवढंच असतं. इथे त्याच पावसाळ्यात दोन कुणबी उसाला पाणी कोणाचं आधी यावर भांडत होते, आणि कोणाच्या बाजूने कोण उभं राहिलं त्यांची नावं खाली आहेत. त्यातली आडनावं आजही त्याच शिवारात आहेत. गृहस्थ जरा हिरमुसले, पण एक नाव ऐकून एकदम सरसावून बसले. तो तंटा म्हणे अजून मिटलेला नाही.

कागद त्यांच्याकडेच राहिले. आम्ही फोटो घेतले, काका लिप्यंतर करताहेत.

यावरून मेणवली दफ्तराचा विषय निघाला. नानांचे कागद गावात आहेत असं अजून बरेच जण समजतात. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी या दफ्तरातलं बरंच साहित्य मिळवलं, आणि त्यांचा संग्रह साताऱ्यातून १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. ज्याला मूळ बघायचं त्याने पुण्याची गाडी धरावी. हे पत्रकात ठळक छापायचं, म्हणजे वाड्यावरच्या रखवालदाराला रोज तोच प्रश्न यायचा नाही.

६ सप्टेंबर

बैठकीत गरमागरमी. मी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ सुचवला. आक्षेप: लेखक पेण तालुक्यातल्या वरसईचे, पुस्तक झाशीचं, आमच्या कपाटात कशाला?

माझं म्हणणं असं. गावाचा इतिहास लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं. गोडसे भटजी इतिहास लिहायला निघाले नव्हते. घरची गरिबी होती, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर मथुरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. त्यामुळे किल्ल्याच्या भिंतींइतकंच लक्ष त्यांचं शिध्याकडे, विहिरींकडे, कोणाच्या घरी आसरा मिळाला याकडे आहे. शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. शूरवीरांच्या पुस्तकांत भूक लागत नाही कोणाला, इथे पानोपानी लागते.

आमच्या कपाटात जी पुस्तकं जिवंत वाटतात ती बहुतेक अशीच आहेत: कारभाऱ्याचं, भिक्षुकाचं, तंट्यातल्या पंचांचं. इतिहास म्हणून लिहिलेली मात्र आधी भाषण करतात.

दोन आवृत्त्या घ्यायच्या असं ठरलं. चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादून १९०७ मध्ये छापलेली, आणि दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ मध्ये काढलेली. शेजारी ठेवून वाचल्या की संपादक कुठे हात फिरवतो ते दिसतं. पुढे गावकऱ्यांच्या आठवणी आम्हाला छापायच्या आहेत, तेव्हा आमचाच हात आवरायला उपयोग होईल. शेवटी मतदानाची वेळ आली नाही. आक्षेप घेणाऱ्यांनीच एक प्रत घरी नेली आहे.

२४ सप्टेंबर

कपाटाकडे आज लांबून पाहिलं. पेशवे, सरदार, शास्त्री, साहेब. बाया जवळपास नाहीत. घाटाचा दगड वाहणारे, तासणारे कुठेच नाहीत.

जात्यावरच्या ओव्यांकडे वळलो. गी पॉतवॅं आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत आणि त्या आता इंटरनेटवर वाचता-ऐकता येतात. मुलींनी फोनवर एक तास ऐकलं. सासर-माहेर तर आहेच, पण बाजारची वाट, दुष्काळ, विठोबा, बाबासाहेब सगळे येतात, आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव सोबत असतं. आपल्या भागातल्याही काढू, असं मुलींनीच ठरवलं.

पहिल्याच घरी अडचण. आजी म्हणाल्या, “अशी बसून नाही बाई येत. हात फिरला पाहिजे.” जातं परसात, त्याच्या वरच्या तळीत तुळस लावलेली. मग आजींनी डावा हात जमिनीला टेकला, उजव्याने हवेतच खुंटा धरल्यागत फिरवायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. ती थांबली की हातही थांबायचा. रेकॉर्डिंगमध्ये बांगड्यांचा आवाज फार येतोय, तो काढून टाकू नका असं मुलींना सांगून ठेवलंय.

७ ऑक्टोबर

हक्कांची कटकट एकदाची उरकली. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं उलटली असतील तर पान स्कॅन करून पत्रकात छापता येतं. नसतील तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी. स्मरणिकांच्या बाबतीत हक्क कोणाकडे, हे संस्थांनाच माहीत नसतं, तेव्हा तिथे छायाचित्रं न घेता आपल्या शब्दांत लिहायचं. ओव्यांसाठी बायांची संमती घ्यायची, नावासकट छापायचं का ते प्रत्येकीला वेगळं विचारायचं.

२० ऑक्टोबर

मांडणी. विषयवार लावायची नाहीत, जागेवार लावायची, हा हट्ट शेवटी मान्य झाला. फळ्यांना नावं: घाट, मेणवली, धोम, गड (पांडवगड आणि वैराटगड एकाच फळीवर), शेतशिवार. ग्रंथपाल ताईंची काळजी रास्त आहे, वर्गांकानुसार नसलेलं पुस्तक परत जागेवर ठेवणार कोण? उपाय म्हणून कण्यावर रंगीत पट्टी: निळी घाट, हिरवी शेत वगैरे. वर्गांक आतल्या पानावर राहतीलच.

आठवीच्या वर्गाला पत्रकं देऊन घाटावर सोडलं. माशाच्या भिंतीचं पत्रक सगळ्यांत चाललं. काशीविश्वेश्वराचं पडलं, कारण त्यात आम्ही वर्णनच फार केलं होतं. एका मुलीने मेणवलीच्या कोऱ्या जागेत लिहिलं: “घंटा वाजवून बघू दिली तर सांगते.” ते पत्रक फाइलला लावलं.

धोमची फळी अर्धी रिकामी आहे. नरसिंहाच्या देवळावर, कासवाच्या पाठीवरच्या नंदीवर थोडंफार मिळालं. पण धरणात जी गावं गेली त्यांच्यावर एकही पुस्तक नाही. आज एक वयस्कर गृहस्थ येऊन गेले, पुनर्वसित गावठाणात राहतात. त्यांच्याकडे जुन्या गावाचं नाव असलेल्या लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे उतारे आणि शाळेच्या हजेरीपटाची काही पानं आहेत. पुस्तक नाही म्हणून ते ओशाळले होते. मी म्हटलं, हेच आणा. रविवारी काका आणि स्कॅनर घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे. त्यांच्या शेजारच्या दोन घरांनाही निरोप गेला आहे. स्कॅनरची वायर सैल झाली आहे, ती त्याआधी दुरुस्त करून आणायची.